हसनभाऊ विचारायचे

हसनभाऊ गेल्याची बातमी लोणावळ्याला माझ्या दारी आणली ती कामशेतच्या दूधवाल्याने. "मास्तर, तुमचे हसनभाऊ गेले... सकाळी चहा पिता पिता, बोलता बोलता." बोलता बोलताच जाणार ते! पण याच माणसाला मी कित्येक महिने मुका पाहिला होता.

तेव्हा मी कामशेतच्या शाळेत शिकवत होतो आणि शाळा सुटली की त्यांच्या तांदळाच्या दुकानात जाऊन बसायचो. बायको तापाने गेली आणि हसनभाऊंचे बोलणेच थांबले. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसत. शेवटी धाकट्या भावाने त्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेले. तिथला एक म्हातारा शिपाई रोज विचारायचा, "भात की भाकरी?" उत्तर मिळाले नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. आणि एके दिवशी हसनभाऊ बोलले, "आंबेमोहोर असंल तर भात!" ही गोष्ट सांगताना ते स्वतःच पोट धरधरून हसत.

ते परत आले ते बरे होऊन. गाव मात्र बरे झाले नव्हते. गिऱ्हाइके त्यांच्यादेखत भावाला विचारत, "ह्यास्नी कळतं का आता?" आजारापेक्षा हे त्यांना जास्त लागले. म्हणूनच, मला वाटते, ते गावपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहिले. पेठेतल्या सभेत कुणीतरी ओरडले, "येड्याला मत दिऊन आमी बी येडं व्हायाचं का?" सभा खदाखदा हसली. हसनभाऊ सावकाश म्हणाले, "व्हय, डोस्कं बिघडलं हुतं माझं. कुनीतरी इचारलं, तवा जाग्यावर आलं. तुमास्नी कवा कुनी इचारलंय का, गावात काय व्हावं म्हून?" मागून एक म्हातारा पुटपुटला, "न्हाई बा." हसनभाऊ निवडून आले.

पंचायतीत त्यांची एकच खोड. ठरावाला हात वर होण्याआधी, जो गप्प बसलेला असेल त्याच्याकडे वळून ते विचारत, "तुमचं काय म्हननं?" सभा लांबायच्या, चहा गार व्हायचा, सरपंच वैतागायचे. ते गेल्यानंतरच्या पंचायतीच्या पहिल्या सभेला, मागच्या आठवड्यात, मी मुद्दाम गेलो. आठवड्याचा बाजार स्टेशनपलीकडे हलवायचा ठराव होता. आता हात वर होणार, इतक्यात सरपंच थांबले. दाराशी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन, बाजारात बसणाऱ्या धोंडूबाई उभ्या होत्या.

"मावशी, तुमचं काय म्हननं?" सरपंचांनी विचारले.

धोंडूबाईंनी पाटी खाली ठेवली, पदर खोचला. "इचारलंत न्हवं? मग बसा समदी. लय येळ लागंल."