तीन चिठ्ठ्यांच्या आक्का

सल्ला न देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या काळी पनवेलमध्ये सल्ल्याला तोटा नव्हता. एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी गुडघ्याला काय चोळावं आणि मुलीला कुठं द्यावी हे फुकटात कळायचं. अशा गावात आक्का आमच्या माहिती केंद्राच्या टेबलामागे बसायच्या आणि समोरच्या बाईनं "मी काय करू?" असं विचारलं की चष्मा पुसायला घ्यायच्या. "सल्ला शेजारी मिळतो," त्या म्हणायच्या, "हितं पत्ता मिळतो."

केंद्र म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. नव्वद सालच्या आसपास एका महिला संस्थेनं ती भाड्यानं घेतली होती. दिवस गेलेत आणि पुढं काय करावं ते कळत नाही, अशा बायकांनी तिथं यायचं, कुठं काय सोय आहे, कायदा काय म्हणतो, ते विचारून जायचं. आक्का सरकारी नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, उरणकडच्या शेतकरी घरातल्या. मी नुकतीच समाजकार्याची पदवी घेतलेली, तेवीस वर्षांची आणि जगाला वळण लावायची घाई झालेली. आक्का मला नावानं हाक मारत नसत. "शिकलेली" म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खाली गिरणी असण्याचा मोठा फायदा होता. दळणाचा डबा घेऊन निघालेल्या बाईकडे कोण बघतं? बायका डबा खाली ठेवून वर यायच्या आणि दळण होईपर्यंत बोलून जायच्या. अडचण व्हायची ती सोबत सासू किंवा नवरा आला की. त्यासाठी आक्कांनी पडद्यामागे एक वजनकाटा ठेवला होता. "वजन करायचंय, एकटीनंच आत यायचं," म्हटलं की भल्याभल्या सासवा मुकाट बाकावर बसायच्या. काटा कधीचाच बिघडला होता. कुणीही उभं राहिलं तरी बेचाळीस किलो भरायचं. मीसुद्धा बेचाळीसच भरायचे, आणि मी तेव्हाही बेचाळीसची नव्हते.

पडद्याआड आक्का सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग तीन चिठ्ठ्या लिहायच्या. पहिली सरकारमान्य गर्भपात केंद्राची. दुसरी बाळंतपणाच्या दवाखान्याची आणि मूल वाढवायला हातभार लावणाऱ्या संस्थेची. तिसरी मुंबईतल्या एका संस्थेची, तिथं बाळंतपणापर्यंत राहता यायचं आणि बाळ रीतसर दत्तक देता यायचं. एकाच मापाचे कागद, एकच शाई, अक्षरही सारखंच. "मला पहिलीच पाहिजे," असं कुणी म्हणालं तरी तिन्ही हातात पडायच्या. "नको असंल ती चुलीत घाल. पन तुझ्या हातानं घाल." वहीत नाव लिहायचं नाही आणि नंतर काय झालं ते विचारायचं नाही, हे त्यांचे दोन नियम.

पत्ते मात्र त्या पारखून घ्यायच्या. दर दोन महिन्यांनी पिशवी घेऊन एसटीनं निघायच्या आणि "सुनेसाठी इचारते" असं सांगून एकेका दवाखान्यात बसून यायच्या. आक्कांना सून नव्हती. मुलगाच नव्हता. पळस्प्याच्या नाक्यावर एकानं 'पाळीच्या तक्रारींवर खात्रीचा इलाज' अशी पाटी लावली होती. परवाना दाखवा म्हटल्यावर तिथल्या कंपाउंडरनं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. चौकटीत गणपती होता. "परवाना देवाचा हाय, सरकारचा नाय," असं सांगत आक्कांनी वहीतल्या त्या पत्त्यावर आडवी रेघ ओढली. नवऱ्याची सही मागणारे दवाखानेही असेच खोडले जायचे. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, हे त्या डॉक्टरांना ऐकवून यायच्या. आणि मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्याचा पत्ता कुणी मागितला, तर चष्मा नाकावरच राहायचा. "तो पत्ता हितं नाय. जिना तिकडं हाय."

अशाच एका फेरीला आक्का गेल्या असताना ती आली. उरणजवळच्या जासईची, माझ्याच वयाची, विधवा. घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी. लग्न करतो म्हणणारा माणूस, दिवस गेल्याचं कळताच गावातून नाहीसा झाला होता. तिला तिसरा महिना लागला होता. "तुमीच सांगा बाय, मी काय करू? मना काय सुचत नाय," म्हणून ती रडायला लागली आणि माझा धीर सुटला. एवढ्या गोंधळलेल्या बाईपुढं तीन-तीन वाटा कशाला टाकायच्या? मी पहिलीच चिठ्ठी लिहिली, तिच्या मुठीत दिली आणि म्हटलं, "सोमवारी जा. तुझ्यासाठी हेच बरं आहे." तिनं मान हलवली, खालून पीठ घेतलं आणि गेली. एका बाईचा प्रश्न आपण सोडवला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी आक्का आल्या. त्यांना मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"बाकीच्या दोन?"

"तिला झेपलं नसतं, आक्का."

"तिला काय झेपतं ते तुला इचारलं कोणी?"

आवाज चढला नव्हता, पण मला खुर्चीत बसवेना. सोमवारला चारच दिवस होते. एकदा दवाखान्यात सगळं उरकलं की मागं फिरायची सोय नव्हती, आणि आपल्याला दुसरी काही वाट आहे हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही जासई गाठली. नाव आमच्याकडे नव्हतंच. देवळामागची आळी, एवढं ती बोलता बोलता म्हणाली होती. नाव असतं तरी विचारायचं कसं? पनवेलच्या केंद्रातल्या बायका विधवेचं घर शोधतायत, ही बातमी गावभर व्हायला एक विडी ओढण्याइतका वेळ पुरला असता. आक्का पांढरी साडी नेसून आल्या होत्या. पहिल्याच दारात त्यांनी हुकूम सोडला, "पोरांची डोसांची कार्डं आणा." निवृत्त नर्सला कार्डं तपासायचा कसला अधिकार? पण ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. आक्कांची नोकरी याच भागात झालेली, अर्ध्या आळीला जन्मल्याबरोबर पहिली थाप त्यांचीच बसली होती.

ती नवव्या घरात सापडली. सासू ओटीवर सुकट निवडत होती. मला बघून सुनेचा चेहरा उतरला. आक्कांनी तिच्या मुलीचं कार्ड मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं, दोन चिठ्ठ्या आत सरकवून परत दिलं. "एक तुझ्याकडं हाय, या दोन राहिल्या होत्या. सावकाश वाच. काय करायचं ते तुझं तू ठरव."

"कसल्या गो दोन?" सासूनं विचारलं.

"डोसाच्या," आक्का म्हणाल्या.

मी हुश्श करून स्टँडच्या दिशेनं वळले, तर आक्का दहाव्या घरात शिरल्या होत्या. एकतीस घरं त्यांनी भर उन्हात पालथी घातली. नवव्या घरावरून परतलो असतो तर नेमकं नववं घर गावाच्या लक्षात राहिलं असतं. त्या नादात तीन पोरांचे डोस खरोखरच चुकलेले निघाले आणि त्यांच्या आयांनी बोलणी खाल्ली, ते वेगळंच. परतीच्या एसटीत मी माफी मागितली. आक्का पोटऱ्या चोळत होत्या. "पुढच्या येळी चूक जवळच्या गावात कर," म्हणाल्या.

सोमवार आला आणि गेला. तिनं काय केलं हे कळावं म्हणून मी तळमळत होते. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा आक्कांनी चष्मा पुसला. तीन वर्षांनी त्या हृदयविकारानं अचानक गेल्या. खुर्ची माझ्याकडे आली, आणि त्या खुर्चीत बसून गप्प राहणं किती अवघड आहे ते मला तेव्हा समजलं.

त्यानंतर काही महिन्यांनी जासईची ती बाई आली. सोबत शाळेत जाणारी मुलगी होती. आक्का गेल्याचं ऐकून ती बाकावर बसली. मग मी काहीही न विचारता सांगू लागली. शनिवार-रविवार मिठागरावर काम करताना तिन्ही चिठ्ठ्या तिनं पदराला बांधून ठेवल्या होत्या, पुनःपुन्हा गाठ सोडून वाचल्या होत्या. सोमवारी ती गेली ती पहिल्याच पत्त्यावर. मी दिलेल्याच.

माझ्या मनात आलंच. म्हणजे माझंच बरोबर होतं, आणि ती उन्हातली पायपीट फुकट.

"थितं डाक्टरीणबायनी इचारलं," ती म्हणाली, "तुला हितं कोणी पाठवलं? मी सांगितलं, कोणी नाय पाठवलं. माझी मी आले."

मी तिच्यासमोर रडले. हे आक्कांना सांगायला हवं होतं असं फार वाटलं, आणि त्यांनी ते ऐकूनच घेतलं नसतं हेही मला ठाऊक होतं.