दारावर न डकवलेलं समन्स

बेलिफ गावात आला की लोकांना आनंद होतो असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की तो थापा मारतोय. तालुक्याच्या कोर्टाचे बेलिफ तातेराव समन्स घेऊन घनसावंगीच्या बाजूला जीपमधून उतरले, की पारावरच्या माणसांना अचानक शेतातली कामं आठवायची. तातेरावांना त्याचं वाईट वाटत नसे. नोकरीच तसली होती.

माणूस घरी नसला तर समन्स दारावर डकवायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, ‘बजावले’ असं लिहायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं, ही तिथली जुनी चाल. पंच चहाच्या हॉटेलातच मिळत. चौऱ्याऐंशी साली, नवे असताना, तातेरावांनीही एका बंद दारावर असाच कागद डकवला. घरातली माणसं ऊसतोडीला गेलेली. दाव्याचा एकतर्फी निकाल लागला आणि वर्षाने शेताच्या ताब्याचं वॉरंट घेऊन तातेरावांनाच त्या दारात जावं लागलं. घरातली म्हातारी साळूबाई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी आल्ते, मंग शेजारी तरी सांगून जायाचं व्हतं." तातेरावांना आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

तेव्हापासून बंद दार दिसलं की ते चार घरं फिरून चौकशी करत आणि कागदावर लिहीत, ‘ऊसतोडीस गेले आहेत, गुढीपाडव्यानंतर परततील.’ सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. हा गडी सरकारलाच थांबायला सांगत होता!

सत्त्याण्णव साली कोर्टात नवे न्यायाधीश आले. माणूस कष्टाळू, शिस्तीचा. तुंबलेले दावे निकाली निघावेत म्हणून त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, कोणत्या बेलिफाने महिन्यात किती समन्स बजावली त्याचा. तातेराव दर महिन्याला तळाला. नाझर अप्पाराव, म्हणजे बेलिफांचे साहेब, कळवळून म्हणाले, "तातेराव, बढतीची यादी जाऊन राह्यली जालन्याला. एक कागद डकवायला काय जातंय तुमचं?"

त्याच आठवड्यात मालनबाईचं समन्स आलं. विधवा बाई, दोन एकर रान, आणि त्या रानावर दिराने दावा लावलेला. दाराला कुलूप होतं. तातेरावांनी नेहमीचंच लिहिलं आणि समन्स परत आणलं.

न्यायाधीशसाहेबांनी आत बोलावलं. "पाडव्यापर्यंत कोर्ट बंद ठेवू का मग?"

पेन्शनची वीस वर्षं भरायच्या आत नोकरी जाते की काय, असं तातेरावांना वाटून गेलं. "बंद नका ठेवू, साहेब. पर बाई दसऱ्याला टोळीसंगं गेली, अन् दिरानं दावा लावला तो दसरा झाल्यावर. ती कवा येणार ते त्याला बराबर ठावं हाय."

साहेबांनी दावा दाखल झाल्याची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. मग कॅलेंडरात पाडवा शोधून त्याच्या पुढची तारीख टाकली. तक्ता मात्र भिंतीवर होता तिथंच राहिला, आणि बढती मिळाली ती डकवण्यात पटाईत असलेल्या कचरू बेलिफाला. तातेरावांना ते लागलं. का लागू नये? माणूसच होता तो.

पाडवा झाल्यावर ते पुन्हा मालनबाईच्या दारात गेले. या वेळी दार उघडं होतं. कागद पाहताच बाई कडाडली, "मुडदा बशिवला तुझा! काल गाडी खाली केली, आजून पाठ टेकली न्हाई, अन् तू कोर्ट घिऊन आला व्हय दारात?"

शेजारणी गोळा झाल्या. तातेरावांनी ओसरीच्या कडेला बसून सगळं ऐकून घेतलं. बाईचा दम संपल्यावर दिराचा दावा काय आहे ते समजावलं, तारीख दोनदा सांगितली, अंगठा घेतला आणि निघाले. जीपपाशी पोचतात तोच मागून हाक आली.

"ओ बेलिफभाऊ! किती वाजता यायचं, ते तर सांगा की!"

तातेराव तेवढ्यासाठी परत दारापर्यंत चालत आले. "अकराला," ते म्हणाले. "पर तुम्ही पहिल्याच गाडीनं या, बाई."