न जाणारे घट्टे

कॉलेजातल्या आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई मूळचा विणकर. पेशीविभाजन शिकवताना मी "महिनाभरात कातडी नवी होते" म्हणालो, की काचपट्ट्या पुसता पुसता तो हमखास खोकायचा. तास संपला की तळवा पुढे करायचा.

"मंग सर, हे घट्टे काहून जाऊन नाही राहिले?"

"घासणं थांबलं की जातात. माग सोडलात ना? धीर धरा."

दोन वर्षं त्यानं धीर धरला, सुटला माझा. पुस्तकाचीच शंका येऊ लागली.

एकदा सकाळी प्रयोगशाळेची किल्ली आणायला पाचपावलीत त्याच्या घरी गेलो. हा मागावर बसून लुगडं विणत होता.

"पुस्तक बरोबर हाय, सर," धोटा न थांबवता तो म्हणाला. "पन नोकरी टेम्परवारी हाय. उद्या काढलं, तं मऊ हातानं काय करू?"