टाचा जमिनीवर

शेवटचे काही सेकंद उरले होते, बॉल समोरच्या संघाकडे होता आणि आम्ही एकाच गुणाने पुढे होतो. माझी लेक सेंटर खेळते, कॉलेजात मीही तेच खेळायचो. आमच्या वेळी सेंटरने बास्केटखालून हलायचं नाही, येईल तो बॉल उडी मारून फटकावायचा. ही मात्र बास्केट सोडून थेट लांबच्या, तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावली.

"अगं, मागे ये!" मी ओरडलो.

"गप रे," गॅलरीत शेजारी बसलेले माझे जुने कोच म्हणाले, "हल्ली तिथूनच मारतात."

समोरच्या मुलीने बॉल डोक्यावर नेला. लेकीने हात उंचावले, पण टाचा जमिनीवरच ठेवल्या. बॉल सुटलाच नाही. नुसती हूल होती. तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी झाली.

अडवायला कधीकधी नुसतं उभं राहावं लागतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं की मी ऐकलं नव्हतं?

सरांनी शर्ट धरून मला खाली बसवलं.

"अजून फसतोस," ते म्हणाले.

गॅलरीत उडी मीच मारली होती.