दोन जुने, एक नवा

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एकतीस वर्षं व्हिस्कीचा वास घेण्याचा पगार घेत होते. ही कसली नोकरी, हे लोकांना समजावून सांगता सांगता ताईच्या नाकी नऊ आले. कुणी म्हणे, मजा आहे बुवा. कुणी आवाज खाली आणून विचारी, घरी येतात तेव्हा कसे असतात? भाऊजी घरी बसने यायचे, सरळ रेषेत चालत यायचे आणि येताना पाव घेऊन यायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी जेवढी व्हिस्की गिळली असेल, तेवढी माझ्या चुलतभावाने एका लग्नात गिळलेली मी पाहिली आहे. भाऊजी वास घेत, थेंबभर जिभेवर फिरवत आणि थुंकून टाकत.

त्यांच्यामागे आम्ही त्यांना नाकराव म्हणायचो. घरात सुवासिक साबण नाही, अत्तर नाही, सकाळी आठच्या आत फोडणी नाही. "तुझे यजमान नाकाने कांदे सोलतात," मी ताईला म्हणायचो, "आणि तुला मात्र खरे कांदेसुद्धा सोलू देत नाहीत." ताई हसायची नाही. ती मधे एकदा सहा महिने माझ्याकडे येऊन राहिली होती. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग एक दिवस बॅग भरून ती परत गेली. माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक जेवढं सांगेल तेवढंच ऐकायची मला सवय आहे.

कारखान्यात सिंगल माल्ट बनायची. एकाच कारखान्यातली, फक्त बार्लीच्या माल्टची व्हिस्की. पण नावात 'सिंगल' असलं तरी ती एका पिंपातली नसते. बारा-पंधरा वर्षं लाकडी पिंपांत पडून राहिलेला माल, शेकडो पिंपं एकत्र करून, दर वर्षी नव्याने जुळवावा लागतो. आणि तो गेल्या वर्षीसारखाच लागावा लागतो, नाहीतर जुनं गिऱ्हाईक नाक मुरडतं.

तो तसाच लागतो की नाही, हे भाऊजी ठरवत. त्यांच्या खोलीत एक पांढरं टेबल, एक खिडकी आणि एक नळ. बाकी काही नाही. टेबलावर तीन निळे पेले, रंग दिसू नये म्हणून निळे. प्रत्येकावर काचेचं झाकण. दोन पेल्यांत जुना माल, एकात नवा. नवा कुठे, ते सहायक बाई ठरवत आणि चिठ्ठी खिशात ठेवत. भाऊजी झाकण उचलून वास घेत, पाण्याचे चार थेंब टाकत, पुन्हा घेत. वेगळा पेला ओळखू आला, तर माल नापास. तीन दिवस बसूनही ओळखू आला नाही, तर पास. म्हणजे हे हरले की कारखाना जिंकला. पण ते मुद्दाम हरणाऱ्यांतले नव्हते. दोनदा त्यांनी अख्खा माल परत पाठवला होता, साहेबांच्या नाकावर टिच्चून.

आता 'जुना' म्हणजे कोणता? तर गेल्या वर्षी पास झालेला. नमुन्याची बाटली उघडली की हवेने उतरत जाते, म्हणून दर वर्षी पास झालेला माल पुढच्या वर्षाचा 'जुना' व्हायचा. त्या कारखान्यात पहिल्यापासून तसंच होतं. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. मला तर आजही ऐकताना ते बरोबरच वाटतं.

निवृत्तीच्या वर्षी कंपनीने खास बाटली काढायचं ठरवलं. खोक्यावर ओळ छापायची होती, 'एकतीस वर्षं, तीच चव', आणि खाली भाऊजींची सही. ते वरवर म्हणाले, कशाला हे सगळं. पण माझ्या दुकानात येऊन त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागे बावीस वेळा सही करून पाहिली, ते मी पाहिलं. "मी काही नवीन केलं नाही," ते म्हणाले. "मी फक्त बदलू दिलं नाही. एवढंच माझं काम." एरवी स्वतःबद्दल एक शब्द न बोलणारा माणूस. त्या ओळीवर त्यांचा जीव होता.

त्याच महिन्यात मी दुकानाला रंग काढला. कपाट हलवलं तर फ्रेमच्या डब्यांमागे एक बाटली सापडली. भाऊजींनी पास केलेल्या पहिल्या मालातली. दुकान उघडलं तेव्हा त्यांनी ती मला दिली होती, "चांगला प्रसंग बघून फोड." मला तसा प्रसंग मिळाला नाही, किंवा आला तेव्हा बाटली आठवली नाही. मला वाटलं, याहून चांगला प्रसंग कोणता?

रविवारी सकाळी अकराला मी ती घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांना एवढा आनंद झालेला मी क्वचित पाहिला आहे. सील पाहिलं, माल कुठवर आहे ते उजेडात धरून पाहिलं. शेजारी यंदाची बाटली ठेवली. घरातले दोन पेले गरम पाण्याने विसळले, दोन्ही ओतले, झाकले आणि मला दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं.

मग त्यांनी एकाचा वास घेतला, दुसऱ्याचा घेतला, पुन्हा पहिल्याचा घेतला.

"बूच गेलं असणार," ते म्हणाले. बूच हातात घेऊन दाबून पाहिलं. ते चांगलं होतं. "दुकानात ऊन येतं का?"

"कपाटात होती. अंधारात."

मी दोन्ही पेल्यांतला घोट घेतला. मला व्हिस्कीतलं काही कळत नाही, पण हे कुणालाही कळलं असतं. जुनी हलकी, किंचित आंबूस, सफरचंदाच्या सालीची आठवण देणारी. नवी जड, गोड, करपलेल्या साखरेच्या अंगाची. "मला तर नवीच आवडली," मी म्हणालो. माझी जीभ कधी कधी मला न विचारता चालते.

भाऊजी उठले आणि आतून वही घेऊन आले. ही त्यांची स्वतःची वही, दर वर्षाला एक पान. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'हिरव्या सफरचंदाची साल, कोरं कापड, शेवटी किंचित धूर.' दुसऱ्या पानावर तेच, आणि खाली 'बदल नाही'. तिसऱ्यावर तेच. आम्ही एकतिसाव्या पानापर्यंत गेलो. सफरचंद पेल्यातून कधीच निघून गेलं होतं, वहीत मात्र अजून होतं.

माझ्या दुकानात रोज असा एकजण येतो. म्हणतो, माझी नजर उत्तम आहे, फक्त हल्ली छपाई वाईट होते. नजर एका दिवसात गेली असती तर तो ओरडत आला असता. रोज केसभर गेली, म्हणून त्याला पत्ता लागत नाही. भाऊजींना हे सांगायची गरज नव्हती. ते एका जागी बसून होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांचं वाईट वाटलं.

ताई स्वयंपाकघरात शेंगा निवडत होती. भाऊजींनी तीन पेले घेतले, माझ्याकडे पाठ करून ओतले आणि आत नेऊन तिच्यासमोर ठेवले. ताईने आयुष्यात दारूला बोट लावलेलं नाही.

"हे काय नवीन?" ती म्हणाली.

"प्यायचं नाही. नुसता वास घे. यातला वेगळा कोणता, सांग."

तिने पदराला हात पुसले. एकेक पेला नाकाशी नेला आणि मधला पुढे सरकवला. "हा."

"नक्की?"

"नक्की काय त्यात? हा तुमच्या कोटाचा वास आहे. नवीन नोकरीला लागलात तेव्हाचा. हे दोन आत्ताच्या कोटाचे." कारखान्याचे पांढरे कोट ती एकतीस वर्षं हाताने धूत आली होती. "मी म्हटलं होतं की तुम्हाला. नवव्या वर्षी. कोटाचा वास बदललाय म्हणून."

भाऊजी उभेच होते. "मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, साबण बदल."

"मग?"

"बदलला. तीनदा."

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सोमवारी भाऊजी साहेबांकडे गेले. साहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, पिंपं बदलली, लाकूड बदललं, पिणारेही सोबत बदलले. आज जुनी चव दिली तर लोक भेसळ म्हणून बाटली परत करतील. भाऊजींनाही ते पटलं. पण सही करणार नाही म्हणाले.

"अहो, हे ओळखणारं आहे कोण?" साहेब म्हणाले.

"एकजण आहे."

"कुठल्या कारखान्यात?"

"माझ्या घरी."

मी भाऊजींना समजावलं. म्हटलं, ओळ कंपनीची, सही तेवढी तुमची, झाकली मूठ राहू द्या. ते म्हणाले, "एकतीस वर्षं माझं काम एकच होतं. ते झालं नाही, हे मला कळलंय. आता खाली सही कशी करू?" खोकं निघालं. ओळ तशीच राहिली, सहीची जागा सोनेरी वेलबुट्टीने भरून काढली.

परवा मी गेलो, तेव्हा दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. वही उघडी, भाऊजींच्या हातात लाल पेन. ते एकेक वर्ष विचारत होते आणि ताई त्या वर्षीच्या कोटांचा वास आठवून सांगत होती. तिच्या सगळं लक्षात होतं. पाचव्या वर्षी सालीचा वास फिका झाला. सातव्या वर्षी मनुकांसारखा यायला लागला, धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी. भाऊजी आपल्या जुन्या ओळीखाली तिचे शब्द जसेच्या तसे उतरवत होते. मी चहा मागितला, तो मला कुणी दिला नाही.

"नववं झालं," भाऊजी म्हणाले. "दहावं सांग."

"दहाव्याचं मला नाही सांगता येणार."

"आठवून बघ."

"आठवायचं काय? तो माल पास झाला तेव्हा मी इथे नव्हतेच. सहा महिने याच्याकडे होते." तिने माझ्याकडे मान वळवली. आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं.

भाऊजींनी पान उलटलं. दहाव्या वर्षाचं पान माझ्या बाजूला होतं, मला उलटं वाचता आलं. हिरव्या सफरचंदाची साल, कोरं कापड, शेवटी किंचित धूर. आणि खाली, त्यांच्या वळणदार अक्षरात, 'बदल नाही'.

मग लाल पेनाने ते दोन शब्द त्यांनी खोडले, सावकाश, एकच रेघ मारून. एकतीस वर्षांच्या त्या वहीत ती पहिली खाडाखोड होती. पुढे त्यांनी काही लिहिलं नाही. ताईने हात लांब करून पेनाचं टोपण उचललं, पण ते लावलं नाही, हातातच धरून ठेवलं.

"अकरावं विचारा," ती म्हणाली. "तेव्हा मी आले होते."