डाव्या पायाचा बूट

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत, त्यांची बदली होते. टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात सापडतो, माझा कंगवा फ्रीजमध्ये भेंडीशेजारी. एकदा तर ह्यांचं कंपनीचं ओळखपत्र धाकट्याने कुंडीत पुरून त्याला पाणी घातलं होतं. तेव्हा थोरली पाच वर्षांची होती, धाकटा अडीचचा. उद्योग तो करायचा आणि ती त्याला शहाणपण शिकवायची, म्हणजे पुढच्या वेळी कुठे लपवायचं ते.

आम्ही तळवड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. हे भोसरीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसशॉपमध्ये, मी महाळुंग्याच्या कंपनीत, गाडीच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधायला. दोघांच्याही पाळ्या फिरत्या. त्या आम्ही अशा जुळवून घ्यायचो की एक जण घरात आला की दुसरा बाहेर. मधल्या वेळेला घरमालकीण मावशी पोरं बघायच्या. त्यात ह्यांची सुट्टी गुरुवारी आणि माझी रविवारी. थोरलीने त्याचा सरळ अर्थ लावला होता: गुरुवार पप्पांचा, रविवार मम्मीचा, बाकीचे वार शाळेचे. चौघं मिळून जेवायला बसलोय, असं कुणाचं लग्न असेल तरच व्हायचं.

त्या दिवशी माझी लाइन लीडरच्या जागेसाठी परीक्षा होती. मला हुद्द्याची हौस नव्हती हो. लाइन लीडरला कायमची जनरल शिफ्ट मिळते, म्हणजे रोज संध्याकाळी घरी. त्या एका गोष्टीसाठी मी केव्हापासून जीव टाकत होते. जागा एकच होती आणि नावं दोन गेली होती, माझं आणि माझ्याच लाइनवरच्या आणखी एकीचं.

सकाळी डबा भरला, वेणी घातली, दाराशी आले तर उजवा बूट जागेवर आणि डावा गायब. सेफ्टी शूज नसतील तर गेटवरचा माणूस आत सोडत नाही, मग तुम्ही कितीही गयावया करा. पलंगाखाली बघितलं, बादलीत बघितलं, पिठाचा डबासुद्धा उपसला. धाकट्याला विचारलं तर त्याने खुशाल पंख्याकडे बोट दाखवलं. थोरली शांतपणे दूध पीत होती. एरवी दूध म्हटलं की ती घर डोक्यावर घेते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी अगदी रडकुंडीला आले आणि तेवढ्यात हे रात्रपाळी करून आले. दारातच त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खाली बसले आणि आपला डावा बूट काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांचा नऊ नंबर, माझा पाच.

"अहो, काय हे?"

"काळाच आहे," ते म्हणाले. "पुढं पोलाद आहे. गेटवाल्याला आणखी काय पाहिजे?"

त्या बुटात धाकट्याची दोन जुनी झबली कोंबली आणि पाय घातला. जिन्यात मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघून घेतलं आणि म्हणाल्या, "जा बये. तितं पायाकडं कोन बगतंय? हाताकडं बगत्यात."

फटक फटक करत मी बस गाठली. गेटवरच्या माणसाने खाली बघितलं, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. नियमात बसत नाही असं काही सापडेना, म्हणून सोडलं.

परीक्षेत हाताचं काम चोख झालं. मग साहेबांनी विचारलं, "सकाळी ऐनवेळी एक बाई आली नाही, तर लाइन कशी चालवणार?" ह्याचं उत्तर मी भाकऱ्या थापताना पाठ केलं होतं. त्या क्षणी एक शब्द आठवेल तर शपथ. मान खाली गेली आणि समोर ह्यांचा तो भलामोठा बूट दिसला.

"साहेब," मी म्हटलं, "आज सकाळी माझा एक बूट गैरहजर होता. दुसरीकडचा आणून बसवला. जरा ढिला आहे, चाल थोडी मंदावली, पण आले वेळेवर."

साहेब टेबलावरून वाकून बघायला लागले. मग इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. दुपारी मला बोलावून सांगितलं, सोमवारपासून जनरल.

घरी आले ती हवेतच. ह्यांचा बूट दाराशी काढला, मावशींना बातमी दिली, पोरांना जवळ घेतलं. थोरलीला म्हटलं, "आता मम्मी रोज संध्याकाळी घरी."

"आणि पप्पा?"

"पप्पा त्यांच्या पाळीप्रमाणे."

ती 'बरं' म्हणाली आणि धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी स्वयंपाक करून ह्यांचा डबा भरला. हे झोपून उठून रात्रपाळीला निघाले, उजवा बूट चढवला, बघतात तर डावा नाही.

आता मात्र माझा पारा चढला. थोरलीला दंडाला धरून समोर उभी केली. "कुठे ठेवलायस? आणि माझा कुठे आहे?"

ती रडली नाही. "मम्मी चपलेवर असली की रविवार असतो," ती म्हणाली. "पप्पा चपलेवर असले की गुरुवार. मला दोन्ही एकदम करायचे होते. सकाळी पप्पा येणारच होते, पण तू पप्पांचाच बूट घालून गेलीस."

धाकट्याने गंभीरपणे मान हलवली. माझ्या हातातला तिचा दंड आपोआप सुटला. दिवसभर मी त्या संध्याकाळसाठी धावत होते आणि माझ्या लेकीने तीच मिळवायला माझा रस्ता अडवला होता.

कोपऱ्यात चादर घालून ठेवलेल्या कूलरखालून दोन बुटांची टोकं दिसत होती, एक मोठं, एक लहान. मी बघितली. ह्यांनीही बघितली. मग त्यांनी फोन काढला आणि शिफ्टच्या जोडीदाराला म्हणाले, "भावा, आज जमत नाही. बूट सापडेना." पलीकडचा काय म्हणाला कोण जाणे, हे नुसते हसले.

फोन ठेवून त्यांनी उजवा बूटही काढला आणि थोरलीच्या हातात दिला.

"हा पण नीट ठेव," ते म्हणाले. "सकाळपर्यंत सापडता कामा नये."

मी ह्यांचा भरलेला डबा उघडला आणि चार ताटं घेतली.