अर्ध्या वाट्याचं विमान

चहा आधी घोटभर पिऊन घ्या. मी काय करून बसलो ते ऐकताना ठसका लागला तर दोष चहावाल्यावर जायचा, आणि तो बिचारा माझं गिऱ्हाईक आहे.

माझं अकोल्यात पाइप आणि मोटरपंपांचं दुकान. शाळेत फार रमलो नाही, जे शिकलो ते गल्ल्यावर बसून. माझा बालमित्र अरुण मात्र शिकला, अमरावतीत विज्ञानाचा मास्तर झाला आणि तिथेच निवृत्त झाला. दसरा-दिवाळीला फोन, अधूनमधून एखादं लग्न, एवढाच आमचा संबंध उरला होता.

पण लहानपणी? एका गल्लीतले आम्ही. शाळा सुटली की खेळण्यांच्या एका दुकानासमोर जाऊन उभे राहायचो. काचेच्या कपाटात एक खोकं होतं. खोक्यावर लढाऊ विमान, ढग फाडून वर निघालेलं. आत प्लास्टिकचे सुटे भाग, घरी नेऊन आपण जोडायचे. आम्ही काचेला नाक लावून बघायचो. मालक आतून ओरडायचा, "पोट्टेहो, काच पुसून जाजा." आम्ही सदऱ्याच्या बाहीनं काच पुसायचो आणि पुन्हा नाक लावायचो.

"मोठे झालो की घेऊ," अरुण म्हणायचा. "अर्धं तुयं, अर्धं मायं."

मोठे झालो. त्यानं मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवलं, मी शेतकऱ्यांना पाइप जोडायचे एल्बो आणि रिड्यूसर विकले. विमान राहिलं.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "वसंता, घर इकलं. आता पोराकडं पुण्याले चाललो, कायमचा."

मी म्हटलं, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर हिशेबात लक्ष लागेना. या वयात पुण्याला गेलेला माणूस परत येतो तो लग्नापुरता, आणि आमच्याकडची लग्नंही आता होऊन गेली होती. मोबाइल काढला आणि शोधलं. तसलीच विमानं अजून मिळतात, हे बघून मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. त्यातलं सगळ्यात स्वस्त मागवलं. व्यापारी माणूस, सवय जात नाही.

खोकं आलं तसा त्याला फोन लावला.

"अरुण्या, इमान आलं."

"कुठं? आमच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर?"

"नाही बे, माया दुकानात. खोक्यात."

त्यानं हळूच विचारलं, "ढगातलं?"

"ढगातलं."

आता प्रश्न असा की बनवायचं कुठे. त्याची तिकडे सामानाची बांधाबांध, इकडे माझ्या दुकानात हंगामाची गर्दी. मी खोकं उघडलं, आणि बघतो तर काय, विमानाचं धड उभं चिरलेलं. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. तुम्हीच सांगा, माझ्या जागी कोणाच्या डोक्यात काय आलं असतं?

आमच्या वऱ्हाडात वावर असो, म्हैस असो की बोअर असो, दोघांचं असलं की वाटा अर्धा. मला वाटलं, हे तर देवानंच अर्ध्या वाट्यासाठी घडवलंय. डावी बाजू नि डावा पंख मी ठेवला. उजवी बाजू नि उजवा पंख साडीच्या खोक्यात घालून एसटीनं अमरावतीला रवाना केला. पायलट एकच होता. तो मी ठेवला. माल आणला कोणी?

ठरलं असं, की आपापली बाजू आपापल्या घरी बनवायची आणि तो निघायच्या आधी मी अमरावतीला जाऊन दोन्ही जोडायच्या. जोडल्यावर विमान राहील कोणाकडे, हे मात्र आम्ही बोललो नाही. दोघांनाही ते हवं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. माझा डाव सरळ होता. माझी बाजू अशी देखणी करायची की त्यानंच म्हणावं, वसंता, घेऊन जा तूच.

लागलो कामाला. स्वस्त माल तो, कडा भज्यासारख्या वाकड्यातिकड्या. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. लोक असल्या मालाचंही सोनं करतात हो. घासतात, फटींत पुटी भरतात, दाढीच्या ब्रशच्या केसाची अँटेना लावतात. मी चहाच्या पुड्याच्या चांदीचे पट्टे कापून पायलटच्या सीटला बेल्ट केले. दोन्ही बाजूंचा जोड नीट बसावा म्हणून कड घासायला घेतली. गिऱ्हाईक नसलं की घास, गिऱ्हाईक असलं तरी घास. धान्याच्या कोठीला लावतो तो चंदेरी रंग दिला. चाकं खाली सोडली. नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं, असं व्हिडिओत सांगितलं होतं. मी नट-बोल्ट घालून नाक पुटीनं गच्च भरलं.

आमची सौ. मंगला म्हणाली, "लग्नासाठी मले पाहाले आले तवा एवढं निरखून पायलं नव्हतं."

रोज अरुणला फोन. दोघंही एकमेकांना काही सांगायचो नाही.

"कुठवर आलं तुयं?"

"येऊन राहिलं. पाहशीन त पायतच राहशीन."

"मायं पाहून तू खाली बसशीन."

खरं सांगतो, तेवढ्या दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. फक्त ज्यावर बोलायला हवं होतं तेवढंच सोडून.

शेवटी मी आणि मंगला अमरावतीला गेलो. माझी बाजू स्टीलच्या डब्यात, मलमलीत गुंडाळून. अरुणचं घर रिकामं झालेलं, भिंतींवर फोटोंचे नुसते चौकोन. एक चटई, एक गॅस, एवढंच उरलं होतं. वहिनींनी चहा टाकला. आम्ही चटईवर समोरासमोर बसलो, आणि दोघांनी एकदम फडकी उघडली.

माझी बाजू लग्नातल्या ताटासारखी चकाचक, चाकं खाली. त्याची हिरवी-तपकिरी, तेलाचे ओघळ, काजळीचे डाग, खरंखुरं लढून आल्यासारखी. आणि चाकं पोटात बंद.

मी त्याची बाजू उलटून बघितली.

"अरुण्या, तुयी चाकं कुठं हायेत?"

"उडताना चाकं आत राह्यतेत. खोक्यावर इमान उडून राहिलं होतं ना? तुयं काऊन उतरून राहिलं?"

"टेबलावर ठेवाले चाकं नको?"

मंगला म्हणाली, "म्हंजे एका बाजूनं उडते अन् एका बाजूनं उतरते. तुमा दोघाइचंच इमान हाये, पटलं."

मी पायलट दाखवला. अरुणनं खिशातून आणखी एक काढला. खडूचा कोरलेला, टोपी-बिपी घालून.

"हा काऊन?"

"पायलट तू ठेवून घेतला. मंग मी काय रिकामं इमान उडवू?"

सीट एक, पायलट दोन. मी म्हटलं, असू दे, आधी जोडू तर. जोडायला गेलो तर नाक मिटेना. का? वजन त्यानंही भरलं होतं. तोही व्हिडिओच बघत होता. नाकाचा आ वासलेला आणि शेपटीकडे मी कड इतकी घासलेली की मधून बोट जाईल.

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण मी पाइपवाला. जोड बसत नाही म्हणजे काय? पाइप चिकटवायचं सोल्युशन सोबत नेलंच होतं. दोन्ही कडांना भरपूर लावलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. अरुण म्हणत होता, "वसंता, ते प्लास्टिक पातळ हाये." मी म्हणत होतो, "तू थांब, हा माया धंदा हाये."

अंगठा उचलला. त्याच्या हिरव्या-तपकिरी रंगाखालचं प्लास्टिक लोण्यासारखं वितळलं होतं आणि त्यात माझा अंगठा उमटला होता. रेघान् रेघ. दोन्ही बाजू मात्र अलगद सुटून माझ्या मांडीवर पडल्या.

माझा चेहरा कसा झाला असेल, विचारू नका. पुण्याला जाण्याआधी त्यानं केलेली ती एकच वस्तू, बांधाबांधीतून वेळ काढून नटवलेली, आणि मी तिची वाट लावली. चहाचे कप घेऊन वहिनी तशाच उभ्या.

"पुसतो थांब. पुटी भरून घासून देतो," मी म्हटलं.

अरुणनं ती बाजू माझ्या हातातून काढून घेतली. उजेडाकडे धरून बघितली. "हात नको लावू आता. अंगठाबहाद्दर त तू शाळेपासूनच हायेस, पुण्यात पुरावा दाखवाले कामी येईन." मग असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या आलं म्हणून माझ्याही आलं. मंगला म्हणाली, सोल्युशनचा वास होता. असेल.

कोणाकडे राहणार, हा प्रश्नच मिटला. अर्धं तो घेऊन गेला, अर्धं मी.

माझं अर्धं आता दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे, सपाट बाजू भिंतीला चिकटवून. गेल्या आठवड्यात तेल्हाऱ्याचा एक शेतकरी मोटर घ्यायला आला. मोटर राहिली बाजूला, तो विमानाकडेच बघत बसला.

"शेठ, हे भिंतीत घुसलं काय?"

"घुसलं म्हणा."

"मंग उरलेलं कुठून निघालं?"

"पुण्यातून."

तो उठला, भिंत बोटानं ठोकून बघितली आणि पुन्हा बसला. "लयच जोरात मारलं असन. चालवत कोण होतं?"

आता गिऱ्हाइकाशी खोटं कशाला बोलायचं?

"दोघं जणं होते," मी म्हटलं. "अन् दोघाइलेही वाटत होतं, आपणच चालवून राहिलो."